जीनोमला गेलेला स्वॅब आणि न आलेला रिपोर्ट

रबाळे लोकल · रविवार, सकाळी १०:१२

विषय जुना आहे. कोणी म्हणेल, आता करोनाचं काय काढलंस? पण आमच्या घरात तो अजून निघतो, म्हणून हा धागा.

डिसेंबर २०२१. ताई-भावोजी दुबईचा गाशा गुंडाळून कायमचे परत आले. २८ तारखेला रात्री उतरले. विमानात बसण्याआधीची टेस्ट निगेटिव्ह. ऐरोलीला आमच्याच बिल्डिंगमध्ये त्यांचा फ्लॅट आहे, ए विंग, सातवा मजला. घरातच राहायला सांगितलं होतं, राहिले. डबा मी दाराबाहेर ठेवून यायचो. ४ जानेवारीला ताईचा घसा धरला, ५ ला पॉझिटिव्ह. स्वॅब घ्यायला आलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, बाहेरून आलाय ना, हा जीनोमला जाणार." फॉर्मच्या कोपऱ्यात लाल पेनने खूण केली आणि गेला.

त्याच आठवड्यात बी विंगमध्ये एकामागून एक घरं लागली. तिथल्या एक काकू गेल्या. शुगर होती, सत्तरी उलटलेली होती, सगळं खरं. पण सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला: "परदेशातून आलेल्या एका कुटुंबाच्या बेफिकिरीमुळे…" नाव नव्हतं. गरजही नव्हती, परदेशातून आलेलं कुटुंब तेव्हा एकच होतं.

तो जीनोमचा रिपोर्ट आलाच नाही. ताईने दोन-चार ठिकाणी फोन केले, मग सोडून दिलं. म्हणजे फोन करणं सोडलं. परवा हळदीकुंकवाला बी विंगमध्ये जायचं होतं तर माझ्या बायकोला म्हणाली, "तू जाऊन ये, माझं डोकं दुखतंय." दर वर्षी संक्रांतीलाच दुखतं.

तर जाणकारांना विचारतो. तो रिपोर्ट आज मिळेल का? मिळाला तर कोणापासून कोणाला गेला हे त्यात कळतं का? आणि समाजात पसरलाय, समूह संसर्ग आहे, हे ठरवतात कशावरून?

चहाबिस्कीट · १०:३१

वाचतोय. आमच्याकडे सगळं दूधवाल्यावर आलं होतं. बिचारा एकदाही पॉझिटिव्ह आला नाही.

साशंक ठाणेकर · १०:५०

जीनोमबिनोम सगळी मोहमाया आहे राव. आधी अल्फा, मग डेल्टा, डेल्टा प्लस, ओमायक्रॉन, नंतर एक्सबीबी, जेएन.१. मोबाईलची मॉडेलं निघतात तशी. कोणी डोळ्यांनी पाहिलंय का? आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तिन्ही लाटांत गोळ्या त्याच दिल्या.

पीसीआरवाली · ११:४०

साशंक, मी पाहिलंय. डोळ्यांनी नाही, स्क्रीनवर. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका लॅबमध्ये होते, आधी पीसीआरला आणि पुढे सिक्वेन्सिंगला, म्हणजे विषाणूचा जीनोम अक्षर-अक्षर वाचायला. कुठल्या लॅबमध्ये ते विचारू नका.

रबाळे लोकल, आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. रिपोर्ट हरवला नाही. तो ताईंना द्यायचा नव्हताच. पीसीआरचा रिपोर्ट पेशंटसाठी असतो, सिक्वेन्सिंग असतं गावासाठी. २५ डिसेंबर २०२० ला केंद्राने इन्साकॉग नावाचं लॅबचं जाळं उभं केलं. सुरुवातीला १० लॅब होत्या, त्यात पुण्यातल्या दोन्ही, विषाणू संस्था (एनआयव्ही) आणि पेशी विज्ञान केंद्र (एनसीसीएस). काम एकच, देशात कुठला व्हेरिएंट किती आहे आणि नवीन काय शिरलंय यावर नजर ठेवायची. निकाल राज्याच्या आरोग्य खात्याकडे जायचा. उपचार व्हेरिएंट बघून होत नव्हते, त्यामुळे साशंक, तुमच्या डॉक्टरांनी गोळ्या त्याच दिल्या ते बरोबरच केलं. पण स्वॅब नेताना "हा जीनोमला जाणार" एवढंच सांगायचं आणि "रिपोर्ट तुमच्याकडे येणार नाही" हे सांगायचं नाही, यात माणसं वर्षानुवर्षं फोनकडे बघत बसतात. रिपोर्ट मागणारे असे फोन आम्हालाही यायचे. काय बोलणार?

दुसरा प्रश्न मोठा आहे. कुकर लावून येते.

चहाबिस्कीट · ११:४४

*पॉपकॉर्न घेऊन बसलोय*

पीसीआरवाली · दुपारी १:१५

हं, तर विषाणूचा जीनोम म्हणजे जवळपास ३० हजार अक्षरांची पट्टी. नेमकी सांगायची तर वुहानच्या मूळ नमुन्यात २९,९०३. माणसाच्या पेशीत घुसला की तो या पट्टीच्या नकला काढत सुटतो आणि नकला काढताना अक्षर चुकतं. बहुतेक चुका वाया जातात, एखादी टिकते आणि पुढच्या माणसाकडे जाते. अशा टिकलेल्या चुका महिन्याला साधारण दोन.

गणपतीत आरतीला उभे राहता ना? ठरलेल्या कडव्यात ठरलेल्या जागी निम्मी मंडळी एक ठरलेला चुकीचा शब्द म्हणतात. कुठला ते सांगायला नको. आता समजा, आमच्या कळव्याच्या चाळीत आणि तुमच्या ऐरोलीत, दोन्हीकडे एकाच कडव्यात एकच विचित्र चूक ऐकू आली, जी दुसरीकडे कुठेच होत नाही. म्हणजे दोघांनी ती एकाच ठिकाणाहून उचलली. सिक्वेन्सिंगमध्ये आम्ही हेच करतो, चुका जुळवतो. कोणाची चूक कोणाशी जुळते यावरून झाड काढायचं, खोड, फांद्या, डहाळ्या.

समाजात पसरलाय का हेही त्या झाडावरच दिसतं. शहरातले नमुने झाडावर विखुरलेले असतील, एक दक्षिण आफ्रिकेच्या फांदीला, एक इंग्लंडच्या, एक दुबईच्या, तर म्हणायचं की बाहेरून सुटेसुटे येतायत. पण शहरातल्याच नमुन्यांचा घोस एका डहाळीला लगडलेला दिसला, सगळ्यांत एखादी अशी चूक जी बाहेर कुठे नाही, आणि त्यातले बहुतेक लोक विमानतळाच्या आसपासही फिरकलेले नाहीत, तर तो इथेच रुजलाय, इथेच वाढतोय.

तलाठी आप्पा · १:३२

नमस्कार. मी महसुलातला, निवृत्त. एक शंका. ती बी.१.६१७.२ अशी नावं बातम्यांत यायची. मला दर वेळी वाटायचं, हा सर्व्हे नंबर आहे. सर्व्हे नंबर ६१७, हिस्सा २.

पीसीआरवाली · १:४१

आप्पा, दंडवत! अगदी तेच आहे. जमिनीचे हिस्से पडत जातात तसे वंशाचे हिस्से पडतात, प्रत्येक टिंबानंतर पोटहिस्सा. तीन टिंबांच्या पुढे आकडा लांबत गेला की नवीन अक्षरं देऊन खातं नव्याने उघडतात. ओमायक्रॉन बी.१.१.५२९, त्याच्या पोटहिश्शांना बीए म्हणायचं ठरलं. बीए.२ च्या वंशात बीए.२.८६, त्याच्या पोटात जेएन.१. मे २०२५ मध्ये परत बातम्या आल्या त्या एनबी.१.८.१ आणि एलएफ.७ च्या, तेही याच खानदानातले. साशंक, मोबाईलची मॉडेलं नाहीत ती, सातबारा आहे.

तलाठी आप्पा · १:५०

मग एक्सबीबी? एक्स म्हणजे बेवारस?

पीसीआरवाली · १:५८

हाहा, नाही. एक्स म्हणजे दोन हिस्से एकत्र झालेले. एकाच माणसात एका वेळी दोन वंश शिरले आणि नकला काढताना अर्धी पट्टी याची, अर्धी त्याची अशी जुळणी झाली. एक्सबीबीचे आई-बाप दोन्ही बीए.२ च्याच भावकीतले.

तलाठी आप्पा · २:०३

एकत्रीकरणाची फेरफार नोंद. समजलं.

घोडबंदरी · २:२०

ग्रीक नावं कशाला आली मग? मला आठवतं, आमच्या ऑफिसात 'अमरावतीचा स्ट्रेन' म्हणायचे. अमरावतीचा एक कलीग होता, त्याच्याशेजारी डबा खायला कोणी बसेना. वर्षभर तो घरून काम करत होता, अमरावतीला गेलाच नव्हता!

पीसीआरवाली · २:४५

त्याच्यासाठीच आली. ३१ मे २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरं दिली, गावादेशाच्या नावाने कोणाला बोल लागू नये म्हणून. बी.१.६१७.२ डेल्टा झाला, बी.१.६१७.१ कप्पा.

अमरावतीचं सांगते, कारण ते अजून डाचतं. या बी.१.६१७ घराण्याचे सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर २०२० चे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत आकडे चढले, २२ तारखेपासून लॉकडाऊन लागला. एल४५२आर आणि ई४८४क्यू हे दोन बदल महाराष्ट्रातल्या नमुन्यांत वाढतायत, हे केंद्राने जाहीर केलं २४ मार्चला. जागतिक संघटनेने त्याला चिंतेच्या यादीत घातलं ११ मेला. एप्रिलमध्ये काय चाललं होतं ते इथे कोणाला सांगायची गरज नाही. झाडाची फांदी वेळेत दिसणं आणि फांदी दिसल्यावर कोणीतरी वेळेत हलणं, ही दोन वेगळी खाती आहेत.

साशंक ठाणेकर · ३:१०

म्हणजे शेवटी मी म्हणतो तेच. मशीनं आणली, नावं ठेवली, उपयोग शून्य.

पीसीआरवाली · ३:२६

शून्य नाही. ओमायक्रॉनच्या वेळी दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ ला कळवलं, २६ ला तो चिंतेच्या यादीत, २ डिसेंबरला कर्नाटकात पहिले दोन रुग्ण, ४ ला आपल्या जिल्ह्यात, कल्याण-डोंबिवलीत, राज्यातला पहिला. दहा दिवसांत दक्षिण आफ्रिका ते डोंबिवली! डेल्टाला जे कळायला महिने लागले ते इथे दिवसांत कळलं.

रबाळे लोकल · ३:४०

पीसीआरवाली, बरंच कळलं. पण माझा मधला प्रश्न राहिला. ताईचा नमुना आणि काकूंचा नमुना, दोन्ही जुळले असते तर?

पीसीआरवाली · ४:०५

तर काहीच सिद्ध झालं नसतं.

हे नीट ऐका. महिन्याला दोन चुका म्हणजे पंधरा दिवसांनी एक. ओमायक्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जायला तीन-चार दिवस घ्यायचा. म्हणजे एक चूक पडेपर्यंत साखळीत चार-पाच माणसं होऊन जातात आणि त्या सगळ्यांची पट्टी अक्षरन् अक्षर तीच. जानेवारी २०२२ मध्ये तर ऐरोलीपासून विरारपर्यंत शेकडो लोकांत तंतोतंत एकच जीनोम असणार. तुमचा जुळला याचा अर्थ एवढाच की तुम्ही त्या गर्दीतले. गर्दीतल्या कोणी कोणाला दिला, ते पट्टीवर लिहिलेलं नसतं.

उलटं मात्र छातीठोकपणे सांगता येतं. ताईंचा ओमायक्रॉन आणि काकूंचा डेल्टा निघाला असता, किंवा दोन्ही ओमायक्रॉनच पण आठ-दहा अक्षरांचा फरक, तर ताईंकडून गेलेलाच नाही, विषय संपला. सिक्वेन्सिंग माणसाला सोडवू शकतं, अडकवू शकत नाही.

आणि डेल्टाची शक्यता अगदीच नव्हती असं नाही. कस्तुरबा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मुंबई महापालिकेच्या सिक्वेन्सिंगच्या फेऱ्या व्हायच्या. डिसेंबरअखेरच्या सातव्या फेरीत मुंबईचे २८२ नमुने होते, ओमायक्रॉन ५५ टक्के, बाकी सगळा डेल्टा आणि डेल्टाची पिल्लं. जानेवारीतल्या आठव्या फेरीत ओमायक्रॉन ८९ टक्के. नवव्यात जवळपास ९५. म्हणजे तुमच्या ताई उतरल्या त्या आठवड्यात दोन्ही विषाणू एकाच लोकलमधून फिरत होते.

घोडबंदरी · ४:२२

तीन फेऱ्यांत ५५ वरून ९५. बाप रे.

माजी सचिव · ४:५०

राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी वर्तकनगरच्या एका सोसायटीचा तेव्हा सचिव होतो. १४४ फ्लॅट. असा मेसेज मीही टाकला होता, लंडनहून आलेल्या एका मुलाबद्दल. आज वाचायला वाईट वाटतं. पण रात्री दीड वाजता इंटरकॉमवर लोक विचारायचे, "नाव सांगा, आम्हाला आमच्या मुलांना वाचवायचंय." ऑक्सिमीटर तीन होते, मागणारे तीस. एक नाव दिलं की लोक शांत होतात हे मी त्या महिन्यात शिकलो. बरोबर होतं असं म्हणत नाही.

चहाबिस्कीट · ४:५४

आमच्या सचिवांनी दूधवाला दिला.

घोडबंदरी · ५:०१

त्या मुलाला नंतर सॉरी म्हणालात का?

माजी सचिव · ५:३०

तो परत लंडनला गेला. आईबाबा आहेत. लिफ्टमध्ये भेटतात, हसतात. नाही म्हणालो.

साशंक ठाणेकर · ५:४५

एक गंभीर प्रश्न विचारू का? तुम्ही ५५ टक्के, ८९ टक्के सांगता. पण स्वॅब कोणाचे? परदेशातून आलेल्यांचे आणि हॉस्पिटलात पडलेल्यांचे. ज्यांनी घरीच काढा पिऊन काढलं त्यांचं काय? मग हे टक्के कशाचे?

पीसीआरवाली · ६:२०

आज पहिल्यांदा तुम्ही मला घाम फोडलात, साशंक. हाच खरा दुखरा भाग.

जिथे टॉर्च मारतो तिथेच दिसतं. सुरुवातीला टॉर्च विमानतळावर होता म्हणून ओमायक्रॉन विमानातल्यांतच सापडला, आणि लोकांना वाटलं तो फक्त विमानानेच फिरतो. ट्रेनमध्ये कोणी बघतच नव्हतं. जानेवारीतच इन्साकॉगच्या बुलेटिनने सांगितलं, ओमायक्रॉन आता भारतात समूह संसर्गाच्या टप्प्यात आहे. तोपर्यंत सोसायट्यांचे मेसेज पडून गेलेले होते.

टॉर्चचा कोन सारखा राहावा म्हणून २०२१ मध्येच पद्धत ठरवली होती. राज्याने ५ लॅब आणि ५ मोठी रुग्णालयं नेमायची, प्रत्येकाने दर पंधरा दिवसांनी १५ नमुने पाठवायचे, लाट असो वा नसो. कागदावर छान. पण नमुनाही चालण्यासारखा लागतो. पीसीआरला सीटी व्हॅल्यू येते ना, विषाणू दिसायला मशीनला किती फेऱ्या लागल्या त्याचा आकडा. सव्वातीन फेऱ्या वाढल्या की विषाणू दहापट कमी. आम्ही २५ च्या आतले निवडायचो. ३० च्या वरचा घेतला की पट्टी फाटकी यायची, मध्येच एनएनएनएन, म्हणजे इथलं अक्षर वाचता आलं नाही. त्यामुळे हलका आजार, उशिरा केलेली टेस्ट, असे लोक यादीतून आपोआप गळतात.

एक शॉर्टकट मात्र होता. काही किटमध्ये तीन जनुकांच्या तीन रेघा येतात. डेल्टाला तिन्ही चढायच्या. ओमायक्रॉनच्या एस जनुकातला एक तुकडाच गळालेला, म्हणून दोन रेघा चढायच्या आणि एसची रेघ जमिनीवर आडवी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रोज संध्याकाळी स्क्रीनवर त्या आडव्या रेघा मोजत बसायचो. सिक्वेन्सिंगला चार-पाच दिवस, हे त्याच रात्री. सोमवारी थोड्या, गुरुवारी भरपूर, आणि मग एका दिवशी सर म्हणाले, "आता आडव्या मोजू नका, चढलेल्या मोजा." पुढे बीए.२ आला, त्याच्यात तो तुकडा शाबूत. युक्तीचं आयुष्य दीड-दोन महिन्यांचं.

घोडबंदरी · ६:३५

लॅबमध्ये घोळ व्हायचे का? खरं सांगा.

पीसीआरवाली · ७:०२

एक सांगते, हसू नका. प्लेटला ९६ खड्डे असतात, आम्ही वेल म्हणतो. ९४ नमुने, एका वेलमध्ये माहीत असलेला पॉझिटिव्ह, एकात नुसतं पाणी. पाण्यातून काही निघता कामा नये. जानेवारीत एकदा रात्री अकराला निकाल उघडला तर पाण्यात ओमायक्रॉन. छान, भरघोस, पूर्ण पट्टी. "पाण्याला करोना झाला" म्हणून जो हशा पिकला तो दोन मिनिटं टिकला, कारण पाणी बिघडलं म्हणजे कुठेतरी थेंब उडालाय, आणि ९४ पैकी कोणात उडालाय ते सांगता येत नाही. अख्खी प्लेट परत. मी पिपेटवरून अंगठा काढला तेव्हा पहाट झाली होती, ठाण्याची पहिली लोकल गेल्याचा आवाज आला.

त्याच सुमारास सायप्रसहून डेल्टाक्रॉनची बातमी आली होती, आठवतंय? डेल्टा आणि ओमायक्रॉनचं मिश्रण. जगभरच्या लोकांनी बघून सांगितलं, बहुधा लॅबमधली भेसळ. आम्ही कोणीच हसलो नाही. आमचं पाणी आठवत होतं.

खाडीपलीकडचा · रात्री ८:१०

दिवसभर वाचतोय. आमच्या खात्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी मलनिस्सारणातला माणूस, तीस वर्षं चेंबर आणि पंप.

टॉर्चचा विषय निघाला ना. सांडपाण्यात टॉर्च मारायची गरज पडत नाही, सगळे स्वतःहून येतात. करोनाचा विषाणू शौचातूनही बाहेर पडतो. ताप आलेल्याचा, न आलेल्याचा, काढा प्यायलेल्याचा, टेस्ट टाळलेल्याचा, सगळ्यांचा माल एकाच पाइपात. नाकात काडी नाही, फॉर्म नाही, नाव नाही. आपल्याकडे हे नवीनही नाही. पोलिओसाठी मुंबईच्या गटाराचे नमुने २००१ पासून तपासतात. करोनात हैदराबाद, अहमदाबाद, पुणे इथल्या संशोधकांनी सांडपाण्यात हा विषाणू शोधला.

नवी मुंबई तर याला आयती आहे. आखलेलं शहर, नोडनिहाय वाहिन्या, नेरूळ, वाशी, कोपरखैरणे, ऐरोली अशी वेगवेगळी केंद्रं. केंद्राच्या तोंडाशी चोवीस तास थोडं थोडं पाणी गोळा करायचं, बर्फात ठेवायचं, लॅबला द्यायचं. ऐरोलीचा कल वेगळा, वाशीचा वेगळा. सकाळी सहा ते नऊचं पाणी सगळ्यात बोलकं, का ते सुज्ञांस सांगणे न लगे.

आमच्या ठाण्याचं तसं नाही. जुनं गावठाण, चाळी, सेप्टिक टँक, काही वस्त्यांचं थेट नाल्यात, नाल्याचं खाडीत. तिथे कुठल्या पाइपाला कान लावणार? पावसाळ्यात आणखी पंचाईत, पाणी इतकं वाढतं की विषाणू शोधणं म्हणजे वरणात डाळ शोधणं.

चहाबिस्कीट · ८:१४

जेवायला बसलो होतो.

पीसीआरवाली · ८:४०

काका, फार छान. एक जोडते. स्वॅबमध्ये एका माणसाची एक पट्टी असते. सांडपाण्यात हजारो लोकांच्या पट्ट्यांचे तुकडे, खिचडी. त्यातून वंशांचं प्रमाण काढायला वेगळं गणित लागतं. पण लोक टेस्ट करायचे थांबले की हाच एक मार्ग उरतो. आता कोण टेस्ट करतं? सर्दी झाली, वाफ घेतली, कामाला गेले.

रबाळे लोकल, एक विचारायचं राहिलं. जीनोम सोडा. काकूंना ताप कधी आला?

रबाळे लोकल · ९:०५

त्या बहुतेक ७ ला ॲडमिट झाल्या. १५ ला गेल्या. ताप कधी, माहीत नाही.

पीसीआरवाली · ९:२०

ॲडमिटची नको, पहिल्या तापाची तारीख हवी. तुमच्या ताई २८ च्या रात्री उतरल्या, ४ ला घसा. लागण झालेला माणूस साधारण घसा धरण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरवतो. म्हणजे २ जानेवारीच्या आसपास, त्याच्या फार आधी नाही. शिवाय निगेटिव्ह येऊन आठ दिवसांनी लक्षणं, ओमायक्रॉनला दोन-चार दिवस पुरतात. ताईंना तो दुबईत नाही, इथेच लागला असण्याची शक्यता जास्त. दाराबाहेरच्या डब्यावरून म्हणत नाही हं, लिफ्ट, कुरिअर, काहीही.

काकूंचा ताप त्याच्या आधीचा असेल तर जीनोम लागतच नाही. कॅलेंडर पुरतं.

तलाठी आप्पा · ९:२८

बरोबर. दस्त नंतरचा असेल तर आधीच्या फेरफाराला तो कारण कसा?

साशंक ठाणेकर · ९:३३

विचारा राव कोणाला तरी. आता मलाही झोप लागणार नाही.

रबाळे लोकल · ९:५०

काकूंचा मुलगा माझ्या ओळखीचा आहे. कधी बोललो नाही यावर. बघतो.

रबाळे लोकल · बुधवार, रात्री १०:४०

उशीर झाला, माफ करा. काल रात्री खाली पार्किंगमध्ये तो भेटला. मी गाडी पुसायच्या निमित्ताने अर्धा तास काढला, मग विचारलं. त्याला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. म्हणाला, "३१ डिसेंबर. संध्याकाळी." एवढं पक्कं कसं, तर त्या दिवशी त्यांच्याकडे पावभाजीचा बेत होता, बहिणी यायच्या होत्या. चारच्या सुमारास आईला थंडी वाजून आली म्हणून सगळ्यांना फोन करून नको सांगितलं. भाजी चिरलेली तशीच फ्रीजमध्ये राहिली. त्याच्या आधी २५ ला काकू डोंबिवलीला एका साखरपुड्याला जाऊन आल्या होत्या, तिथले चार-पाच जण नंतर आजारी पडले. आणि ते त्यांच्या घरात सगळ्यांना तेव्हापासून माहीत आहे.

मी म्हटलं, मग ग्रुपवर का नाही बोललास? म्हणाला, "तेव्हा ग्रुप कोण वाचत होतं?"

वर येऊन ताईला सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "३१ नक्की?" म्हटलं नक्की.

म्हणाली, "लिहून पाठव."